आभाळाचं पाणी आणि डिकीतली बॅटरी

बॅटरी उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे, असं मी गेली तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो आणि स्वतः मात्र कंबरच वाकवत आलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. आता सकाळी उठताना आधी कुशीवर वळावं लागतं, मग हात टेकावा लागतो, आणि मग कुठे माणूस उभा राहतो.

उरवड्याच्या फाट्यावर माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या, सूसच्या सोसायट्यांमधल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या येतात. मुळशीत जमिनी विकल्या गेल्या तशा नव्या गाड्या आल्या, आणि त्या गाड्यांच्या डिकीत माणूस पाय मुडपून बसेल एवढे स्पीकर आले. त्या स्पीकरसाठी डिकीत वेगळी बॅटरी बसवतात, एजीएम नावाची. घेताना छाती फुगवून घेतात, सांभाळायची वेळ आली की माझ्या काउंटरवर आणून आपटतात. ‘काका, नवीन हाय, तरी बसली.’ बसणारच. रात्रंदिवस वाजवायची आणि पोटभर चार्ज कधी करायची नाही, मग ती काय करणार?

ही बॅटरी सोवळ्यातली. साध्या बॅटरीत ॲसिडचं पाणी मोकळं हिंदकळत असतं. हिच्यात ते काचेच्या तंतूंच्या कापडात मुरवलेलं असतं आणि वरून झाकण कायमचं बंद. अर्धवट रिकामी ठेवली तर आतल्या पत्र्यांवर क्षार धरते. जास्त चार्ज केली तर तापते, आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि ते पुन्हा घालता येत नाही. म्हणून तिला वेगळा चार्जर लागतो. तो मंद चालतो, आणि पोट भरलं की आपला आपण हात आखडतो. माझ्याकडे असा चार्जर एकच आहे. बाकीच्या बॅटऱ्या मी लाइनला लावतो, म्हणजे एकीची वायर दुसरीला, दुसरीची तिसरीला, अशी माळ करून जुन्या मोठ्या चार्जरवर. एजीएम लाइनला लावायची नाही, ही माझ्या दुकानातली पहिली शिस्त. भिंतीवर तसं लिहिलंयसुद्धा, माझ्याच अक्षरात.

त्या सगळ्या बॅटऱ्यांमध्ये एकच होती जिच्यासाठी मी स्वतः ताम्हिणीपर्यंत जायचो. माझ्या थोरल्या भावाची, दादाची.

दादानं चाळीस वर्षं गावच्या भजनात पखवाज वाजवला. मग त्याचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग बायकांचे, मग पुरुषांचे. वहिनीनं घरात शाळेची पाटी आणून ठेवली, तिच्यावर लिहून आम्ही त्याच्याशी बोलायचो. तो मात्र तोंडानं बोलायचा, आणि स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठ्यानंच. पखवाज त्यानं खुंटीला टांगला आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्याच्या मुलानं हौसेनं गाडीत हा सगळा थाट बसवला आणि वर्षभरात परराज्यात नोकरीला गेला. गाडी अंगणात उभी. एकदा सुटीला आला असताना त्यानं भजनाचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. फोनवर केलेलं, दादाचा हात चालू होता तेव्हाचं. दादा सहज मागच्या सीटवर टेकला होता, तो ताठ बसला. कानानं नाही, पण पाठीतून, सीटमधून त्याला पखवाज कळत होता. थाप कुठली, घुमारा कुठला, सगळं. ‘आरं, ह्यो मीच हाय की!’ असं तो ओरडला आणि शेजारपाजार गोळा झाला.

मुलानं ते रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून गाडीतच ठेवलं, आणि तेव्हापासून रोज दुपारी अर्धा तास दादा गाडीत बसायला लागला. त्याच्या दिवसातला आवाज म्हणजे तो अर्धा तास. इंजिन चालू केलं की त्याची थरथर पखवाजात मिसळते आणि काही कळत नाही, म्हणून इंजिन बंद ठेवायचं. म्हणजे सगळा भार डिकीतल्या बॅटरीवर. बॅटरी उतरली की दादाचं जग मुकं.

चार्जर तिथेच ठेवला असता, पण पावसाळ्यात ताम्हिणीत वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, आणि आली तरी दिवा लुकलुकतो तशी. म्हणून दर पंधरा दिवसांनी मी वर जायचो, बॅटरी काढायचो, दुकानात आणून चार्ज करायचो आणि दोन दिवसांनी पुन्हा नेऊन बसवायचो. मीटर लावायचो. बारा पूर्णांक आठ व्होल्ट दिसलं की भरली. वहिनी चहा आणायची, तो मी उभ्यानंच प्यायचो. धुकं उतरायच्या आत मला खाली यायचं असायचं. दादा गाडीकडे जायचा आणि मी रस्त्याला लागायचो. खरं सांगायचं तर मला त्या फेऱ्यांचा वीट आला होता. भावाचं आहे म्हणून बोलता येत नव्हतं, एवढंच.

श्रावणातली गोष्ट. फाट्यावरची वीज दीड दिवस नव्हती. आली तेव्हा दुकानात बॅटऱ्यांची रांग लागलेली, आणि प्रत्येकाची घाई दुसऱ्यापेक्षा मोठी. चांगल्या चार्जरवर एका सोसायटीची बॅटरी लावलेली होती, कारण त्यांच्याकडे कुणी आजारी होतं. दादाची बॅटरी पायाशी पडलेली. दुसऱ्या दिवशी वर न्यायची होती. ती तशीच ठेवून आणखी एक फेरी वाढवायची माझ्या जिवावर आली. मी ती उचलली आणि ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्यांच्या मध्ये लाइनला लावली. भिंतीवरच्या माझ्याच अक्षराखाली. नजरचूक नव्हती. मला माहीत होतं.

दुपारी जेवून आलो तर दुकानात सडक्या अंड्यासारखा वास. वायर काढली. बॅटरीला हात लाववत नव्हता, आणि तिच्या कुशी किंचित फुगलेल्या. थंड झाल्यावर मीटर लावला तर आकडा छान दाखवला. मेलेल्या माणसाचा रंगसुद्धा थोडा वेळ छान असतो. मी ती दुसऱ्या दिवशी वर नेली, बसवली, आणि कुणाला काही न बोलता चहा पिऊन खाली आलो.

चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. ‘भावजी, ती पेटी धा मिंटांत गप व्हतीया. ह्ये नुसतं बसून ऱ्हात्यात गाडीत, कवा चालू हुईल म्हनून.’

मी वर गेलो. डिकी उघडी होती. बॅटरीच्या डोक्यावरची चिकटवलेली पट्टी कुणीतरी खुरप्यानं उचकटली होती. खालची रबरी बुचं काढून ओळीनं फडक्यावर मांडलेली. शेजारी काचेची बरणी, तळाशी बोटभर पाणी.

ती बरणी मी ओळखली. आम्ही दोघं तरुण असताना आमच्याकडे एक जुनी जीप होती. बॅटरीला घालायचं शुद्ध पाणी आणायला पार पौडला जावं लागायचं. दादा म्हणायचा, ताम्हिणीत राहून पाणी विकत आणायचं म्हणजे शरमेची गोष्ट. जोराचा पाऊस लागला की तो बरणी अंगणाच्या मधोमध मांडायचा. पत्र्यावरचं पाणी नको, झाडाखालचं नको, थेट आभाळाचं. पहिलं तासभराचं ओतून द्यायचं, मग साठवायचं, मग धुतलेल्या मलमलीतून गाळायचं. बॅटरीचं मी जे पहिलं शिकलो ते हेच. पुढे धंदा केला तो याच पाण्यावर.

तेच पाणी त्यानं या सोवळ्यातल्या बॅटरीला पाजलं होतं.

आता मला जे वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला हायसं वाटलं. आयता गुन्हेगार सापडला. मी ओरडायला लागलो आणि त्याला ऐकू येत नाही हे आठवून आणखी चिडलो. पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हिला पाणी घालायचं नसतं. तुझ्यामुळं गेली.’

दादानं वाचलं. तळव्यानं पाटी पुसली. ‘चुकलं बाबा माजं,’ म्हणाला आणि पडवीत जाऊन बसला.

मी नवी बॅटरी आणून बसवली. व्यवस्थित चार्ज केलेली, चांगल्या चार्जरवर. पण दादा गाडीत बसेना. वहिनीनं सांगून पाहिलं. तो म्हणायचा, ‘नगं आता. झालं तेवढं पुरं झालं.’ दुपारी तो पडवीत बसायचा, हात मांडीवर उपडे टाकून. ज्या हातांना एक क्षण स्वस्थ बसवत नसे, ते हात.

पंधरा दिवसांनी गेलो, मीटर लावला. बारा पूर्णांक आठ. जशी ठेवली तशीच. एवढी भरलेली बॅटरी पाहून मला आयुष्यात कधी वाईट वाटलं नव्हतं, ते त्या दिवशी वाटलं.

मी पडवीत जाऊन त्याच्या शेजारी बसलो. पाटी घेतली. खडू दोनदा मोडला. लिहिलं, ‘पाणी घालायच्या आधीच ती गेली होती. मी जाळली. लाइनला लावली होती. तुझी चूक नाही.’

दादानं पाटी लांब धरून वाचली. वहिनी दारात उभी होती.

‘ठावं हाय मला,’ तो म्हणाला.

मी लिहिलं, ‘कसं?’

‘कान ग्येलं, नाक न्हाई ग्येलं. तू बसवलीस तवाच वास आला. म्हनलं, जाळली ह्यानं. म्हनून तर पाणी घातलं. आतलं पाणी जळलं की आभाळाचं पाणी घालायचं, मीच शिकवलं न्हवतं व्हय तुला? म्हनलं, झाली बरी तर तुला कळायचं बी न्हाई.’

म्हणजे त्यानं बॅटरी वाचवायला पाणी घातलं नव्हतं. मला वाचवायला घातलं होतं. आणि मी त्याच पाण्याचा आळ त्याच्यावर घेतला होता. मी पाटीवर एवढंच लिहिलं, ‘मग गाडीत का बसत नाहीस?’

त्यानं अंगणातल्या गाडीकडे बोट केलं. ‘त्या दिशी बॅटरी उचलताना बगितलं तुला. गाडीला टेकून हुबा ऱ्हायलास. लई दमलायस तू. माज्या अर्ध्या तासापायी तू किती येळा घाट चडायचा?’

वहिनी पदरानं डोळे पुसत आत गेली. मी पाटी खाली ठेवली. दादाचा हात धरला, त्याला उठवलं, गाडीपर्यंत नेलं आणि मागच्या सीटवर बसवलं. दार लावून वळणार होतो, सवयीनं, धुक्याच्या आत खाली पोचायला.

‘तू कुटं निगालास?’ दादा ओरडला. ‘बस की हितं.’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वर्षभर मी ती बॅटरी कमरेवर वाहिली होती. तिच्यावर काय वाजतं ते एकदाही ऐकलं नव्हतं.

मी बसलो. रेकॉर्डिंग लावलं. सीटमधून थाप माझ्या दुखऱ्या मणक्यांवर येऊन पडली, एक, मग दुसरी, आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचं देऊळ आठवलं, मी टाळ घेऊन त्याच्या डाव्या हाताला बसायचो ते. दादानं डोळे मिटले होते. माझा हात नकळत त्याच्या गुडघ्यावर ठेका धरायला लागला.

बराच वेळ त्यानं धरू दिला. मग डोळे न उघडताच माझा हात त्यानं पकडला आणि थांबवला.

‘चुकतुयास,’ म्हणाला, ‘नीट ऐक जरा.’