बाबांच्या फोटोंवरची घाण

अंगणात कोलंबीचे सोडे सुकत घातले की त्या वासासरशी तारकर्लीच्या घरातली ती दुपार आठवते; तेव्हाही अंगणात सोडे सुकत होते. बाबांच्या वर्षश्राद्धाआधी आई कॉम्प्युटरवर त्यांचे फोटो बघत होती. मुंबईहून आलेल्या चुलतभावाने सकाळीच न विचारता आपला पेन ड्राइव्ह लावला होता. अचानक बाबांच्या चेहऱ्यावर नागड्या बायकांच्या जाहिराती उघडू लागल्या. एक मिटवली की दोन. चुलतभाऊ फिदीफिदी हसला. "व्हायरस तो, काकी. माझ्याय कॉम्प्युटरार असोच इलेलो." मालवणचा दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसावं लागेल, फोटोही जातील. "जावंदेत," आई म्हणाली, "पण ही घाण माका घरात नको." आता भिंतीवरचा एकच फोटो उरलाय. चुलतभाऊ दरवर्षी येतो, त्या फोटोला हात जोडतो, आणि मला शिसारी येते.