बांधावरचा नारळ

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात आमचं वाचक मंडळ भरायचं. एरवी तिथे पाण्यावरून आणि पार्किंगवरून भांडणं चालत. शनिवारी त्याच खुर्च्यांवर बसून आम्ही माणसाच्या हक्कांबद्दल बोलायचो. मंडळ चालवणाऱ्या बाई दादरच्या शाळेतून रिटायर होऊन नेरूळला राहायला आल्या होत्या. दर वेळी एक पुस्तक, आणि त्यातल्या माणसाचं काय हिरावलं गेलं हा एक प्रश्न, अशी त्यांची शिस्त. मला तो प्रश्न फार आवडायचा. महाप्याच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण त्या सोसायटीत राहायची. तिने मला एकदा नेलं आणि मी जी चिकटले ती चिकटलेच.

मी शिरवण्याची, गावातली. नव्वदीच्या दशकात नेरूळमध्ये एकापाठोपाठ एक इमारती उभ्या राहत होत्या. ही सोसायटी उभी होती ती आमच्या भातशेतीवर. मी ते तिथे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. ‘कुठे राहतेस?’ ‘इथेच, जवळ.’ एवढ्यावर त्यांचं भागायचं. गाववाले म्हणजे जत्रेत लाउडस्पीकर लावणारे लोक, एवढीच आमची तिथे ओळख. घरी तर आणखी गंमत. मी शनिवारी कुठे जाते असं कोणी विचारलं की आई ठसक्यात सांगायची, ‘पोर कलासला जातं.’ कसला क्लास, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी माझी गत. मंडळातून निघताना एखादं वाक्य डोक्यात घोळत असायचं. ते घेऊन मी चालत घरी यायची, जेवायची, भांडी घासायची, आणि ते वाक्य तसंच माझ्यापाशी पडून राहायचं. फार एकटं वाटायचं. एकदा तरी कोणाला तरी सगळं सांगता यावं, शेत आणि पुस्तक एकाच दमात, एवढंच मला हवं होतं.

सोसायटीच्या स्कूटर पार्किंगमागे, भिंतीला लागून, शेंदूर फासलेला एक दगड होता. तो आमच्या बांधावरचा देव. शेत गेलं, बांध गेला, देव तेवढा राहिला. भात झोडून झालं की बांधाच्या देवाला नारळ द्यायचा, ही आमच्या घरची रीत. झोडायला भात उरलं नव्हतं, तरी बाबा दर हिवाळ्यात सकाळी तिथे जायचे. नारळ फोडायचे, पाणी मातीत सोडायचे आणि ती ओली माती कपाळाला लावून परत यायचे. जुना वॉचमन गावातलाच होता, त्यामुळे कधी अडलं नाही.

त्या वर्षी वॉचमन नवा आला. त्याने सकाळी बाबांना गेटवरूनच परत पाठवलं. सेक्रेटरी संध्याकाळी ऑफिसात भेटतील, त्यांना विचारून या, म्हणाला. तो नेमका शनिवार होता.

धरणात बुडालेल्या एका गावाची कादंबरी चालली होती. वाचता वाचता बाईंचा आवाज भरून आला होता. तेवढ्यात दारात बाबा येऊन उभे राहिले. हातात नारळ, चपला बाहेर काढलेल्या. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. मग त्यांनी माझ्यावरची नजर काढून घेतली, जशी काही मी त्यांची कोणीच नाही, आणि सगळ्यांना मिळून विचारलं, ‘शेक्रेटरी सायेब हायत काय?’

माझी लाज राखायला ते मला ओळख देत नव्हते. इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो कोणावर काढावा तेही कळेना. मी उठले.

‘हे माझे वडील,’ मी म्हणाले. ‘खाली पार्किंग आहे ना, ते आमचं शेत होतं.’

मग बाईच पुढे झाल्या. ‘अगं, इतके दिवस बोलली नाहीस! या ना दादा, बसा. आज तुम्हीच सांगा आम्हाला.’

‘मना काय सांगाचा नाय,’ बाबा म्हणाले. ‘नारल फोराचा हाय.’

सगळं मंडळ खाली उतरलं आणि स्कूटरींच्या मधे उभं राहिलं. बाबांनी नारळ फोडला, पाणी मातीत सोडलं, ओली माती कपाळाला लावली. मागून टाळ्या पडल्या.

घरी चालताना बाबांनी विचारलं, ‘तुजी मानसा टाल्या कशाला वाजवतान?’

‘आवडलं त्यांना.’

‘काय आवरला?’

मी भराभर पुढे चालू लागले. खरं सांगायचं तर मी खुशीत होते. आता इथून पुढे तिथे मला सगळं बोलता येईल, असं वाटत होतं.

बाई मनाने खरंच चांगल्या. पुढच्या वर्षी त्या कमिटीशी भांडल्या, दगडाभोवतीची जागा साफ करून घेतली आणि मंडळातर्फे बाबांना आमंत्रण धाडलं: प्रमुख पाहुणे म्हणून यायचं, शाल द्यायची होती. मी हरखून घरी सांगितलं.

‘माजे बांदावं मी पाव्हना?’ बाबा म्हणाले. मग कोपऱ्यातला नारळ उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. ‘तूच जा.’

मी गेले. पार्किंगमागे खुर्च्या मांडल्या होत्या. दगडाला ताजा शेंदूर होता आणि चारही बाजूंनी गुळगुळीत पांढऱ्या लाद्या बसवल्या होत्या, थेट भिंतीपर्यंत. ‘केवढा चिखल व्हायचा इथे,’ बाई कौतुकाने म्हणाल्या. मी नारळ फोडला. पाणी लाद्यांवरून ओघळत गेलं आणि गटाराच्या जाळीत उतरलं. टाळ्या पडल्या. माती कुठे दिसते का, हे मी वाकून बघत होते, आणि त्यांना वाटलं मी नमस्कार करते आहे.

घरी बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

‘पानी मातीन सोरलास ना?’

‘हो,’ मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि माझ्यावरची नजर काढून घेतली.