यंत्रमागाच्या आवाजातली झोप

आक्काचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. ‘हे गेले,’ ती म्हणाली. ‘झोपेत गेले रं. चांगली गाढ झोप लागलीवती.’ रडता रडता तिच्या आवाजात किंचित अभिमान होता. परक्याला तो कळला नसता. डायलिसिसवरच्या माणसाला गाढ झोप लागणं, ही आमच्या घरात पेढे वाटावेत अशी गोष्ट होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सारा जन्म कबनूरला, यंत्रमागांच्या शेडमध्ये गेला. राहतं घर शेडला चिकटून, मधे एकच भिंत. मूत्रपिंडं थकली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हा माग धाकट्या भावावर सोपवून दोघं कोल्हापुरात, दवाखान्याजवळच्या फ्लॅटमध्ये आली. फ्लॅट अतिशय शांत आहे, असं एजंटानं कौतुकानं सांगितलं होतं. त्या शांततेत दाजींची झोप उडाली.

पाय तळमळायचे, अंगाला खाज सुटायची. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. शेवटी म्हणाले, ‘गोळ्या आणखी वाढवता येणार नाहीत. तेल, मालिश, संगीत, जे निरुपद्रवी असेल ते करून बघा. पोटात मात्र मला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही.’ ही परवानगी नातेवाइकांत पसरली आणि फ्लॅटवर उपचारांची रीघ लागली.

पहिले आले ते बिंदू दाबणारे गृहस्थ. नावापुढच्या पदव्या कार्डाच्या मागच्या बाजूला उतरल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून दाजींचा डावा हात धरला, नेमका डायलिसिसच्या सुयांचा. दाजी ओरडले, ‘ओ पावणं, ह्यो हात मशीनचा हाय. तुमच्यासाठी उजवा ठेवलाय!’ मग सुगंधी तेलाचा फवारा झाला. ‘साबणाच्या दुकानात मुक्कामाला आल्यागत वाटतंय,’ दाजी म्हणाले. एका चुलत्यानं झोपेचा काढा पाठवला. तो आक्कानं बेसिनमध्ये ओतला आणि ‘सगळा प्याले’ असं फोनवर कळवलं. संगीतवाल्या बाईंनी समुद्राच्या लाटा ऐकवल्या, तेव्हा मात्र दाजी कळवळले. ‘ताई, दिवसाला मापात पाणी पितोय मी. आन् तुम्ही अख्खा समुद्र आणलाय व्हय! तहान लागली की.’ आक्का रोज तळपायांना तेल चोळायची, तेवढंच त्यांना आवडायचं. पाय निवायचे, पण झोप यायची नाही.

मी हे सगळं मिटक्या मारत पाहत होतो. मग एका सकाळी दाजी अगदी साध्या आवाजात म्हणाले, ‘आज मशीनला जायचं न्हाय. झोपच न्हाय तर रगत धुऊन करायचं काय?’ पुढच्या खेपेलाही तेच. दोन्ही वेळा आक्कानं अक्षरशः दंडाला धरून नेलं. पण ती मला म्हणाली, ‘एक दिवस मी हरणार बघ.’ त्यानंतर मला कुठल्याच उपचाराचं हसू येईना.

त्याच सुमारास कबनूरला पुतण्याचा साखरपुडा होता. जेवणाआधी दाजी जुन्या घरात, शेडच्या भिंतीला खुर्ची टेकवून बसले. पलीकडे माग धडधडत होते. पान वाढलं तर हे मान टाकून निश्चल. एकच गलका झाला. कुणी पाय चोळले, कुणी देवाचं नाव घेतलं, व्याह्यांनी तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. दाजींनी डोळे उघडले. ‘मेल्यांनो, झोपू द्या की!’

आक्का उठली. पदर खोचून शेडमध्ये गेली आणि मागाजवळ मोबाइल धरून उभी राहिली. कामगारांना वाटलं, वहिनी व्हिडिओ काढतायत. त्यांनी केस नीट केले.

फ्लॅटमध्ये आता माग धडधडू लागले. दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे चेअरमन, गळ्यात ओळखपत्र घालून, ‘निवासी इमारतीत उत्पादन चालणार नाही’ असं बजावायला आले. खोलीभर माग शोधला, पलंगाखालीही वाकून पाहिलं. त्या खडखडाटात आक्का ओठांवर बोट ठेवून म्हणाली, ‘हळू बोला. झोपल्यात ते.’ आणि चेअरमन खरोखरच चवड्यांवर चालत बाहेर गेले.

रोज झोप लागायची असं नाही. डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, ‘चालू ठेवा.’ पण मशीनला जायचं नाही, हे दाजींनी पुन्हा काढलं नाही. उलट मशीनवर शेजारच्यांना विचारायचे, ‘तुमचा धंदा काय होता हो? त्याचा आवाज कसला?’ त्या हॉलमध्ये एवढं हसू त्याआधी कुणी ऐकलं नसेल.

त्या ध्वनिमुद्रणात एक जागा आहे. इतर माग चालू असताना जवळचा एक थांबतो. तुम्हाआम्हाला पत्ताही लागणार नाही. दाजी मात्र झोपेतच पुटपुटायचे, ‘कांडी संपली रं…’ म्हणजे धोट्यातलं सूत संपलं, नवं भरा. माग पुन्हा सुरू झाला की पुन्हा घोरायला लागायचे.

परवा दुपारी आक्काकडे गेलो. दार लोटलेलं होतं, आत माग धडधडत होते. दाजींच्या खुर्चीत आता आक्का बसली होती, मांडीवर अर्धी निवडलेली मेथी. मी समोर टेकलो. थोड्या वेळानं ध्वनिमुद्रणातली ती जागा आली असावी. मला काही वेगळं ऐकू आलं नाही.

‘कांडी संपली रं,’ आक्का म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते.