इंजेक्शनावर ढकललेली गोष्ट

माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या उंब्रजकडं यात सांगण्यासारखं काही नाही. मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. लग्न करून घरी आलो तेव्हा आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, रीतीप्रमाणे दार अडवलं. "लेक देतूस का माझ्या पोराला? न्हाईतर ऱ्हा भाईरच." तिचं सहा महिन्यांचं पोर तिच्याच कडेवर होतं. मी "दिली, दिली" म्हणालो. सगळे हसले आणि आम्ही आत गेलो.

पहिला मुलगा दोन वर्षांचा झाला तरी हाकेला वळेना. सांगलीला तपासणी केली. त्याला जन्मापासूनच ऐकू येत नव्हतं. बायको त्याला घेऊन बाहेर बाकावर बसली होती. आत डॉक्टरांनी मला विचारलं, बायको नात्यातली का? मी हो म्हणालो. त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढून समजावलं. दोष माझ्या आईच्या माहेरचा असावा. तो माझ्यात आहे, बायकोतही आहे, पण दोघांनाही त्रास नाही. मुलाला तो दोघांकडूनही मिळाला की ऐकू येत नाही. प्रत्येक खेपेला चारात एक एवढा धोका. पुढच्या वेळी दोघं मिळून विचार करा, म्हणाले.

बाहेर आल्यावर मी बायकोला सांगितलं, तान्हा असताना ताप आला होता, तेव्हाच्या इंजेक्शनानं झालं. ही सोयरीक आईनं जुळवली होती, तिला लागू नये म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे धीर झाला नाही. हळूहळू ते इंजेक्शन देणाऱ्या गावातल्या डॉक्टरांकडं लोकांनी लहान मुलं न्यायचं बंद केलं. त्यांची काही चूक नव्हती. मी गप्प राहिलो. पुढे बायकोला पुन्हा दिवस गेले, तेव्हाही गप्पच. मुलगी झाली. तिच्याजवळ ताट वाजवलं, ती दचकून रडली, आणि मी परसात जाऊन एकटाच बसलो.

आता मुलगा शिरवळच्या कारखान्यात कामाला आहे. गेल्या उन्हाळ्यात आक्का आली.

"शब्द पाळ आता. पोरगं फौजेत हाय, सुट्टी मिळाली की बार उडवू."

मुलीची ना नव्हती. बायको तर खुश होती. मी म्हणालो, "आक्का, नको."

"का रं? पोरगी शिकली म्हनून माझं पोरगं डोळ्यात भरंना व्हय?"

"तसं न्हाई."

"मग? दारात शब्द दिलावतास. का तवा नुसती आत जायची घाई हुती?"

बायको हसली. मग मी सांगितलं. इंजेक्शनाचं खोटं, डॉक्टरांचा कागद, सगळं. तोच दोष आमच्या मुलीत, आक्कात आणि तिच्या मुलातही लपलेला असू शकतो, हेही. आता रक्त तपासून कळतं, म्हणालो.

"म्हंजी आमच्या आईनं वाटुळं केलं म्हन की."

"आईला काय ठावं? ठावं मला हुतं."

आक्कानं चहाचा कप खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे. पोरीला दुसरीकडं बघ." ती मिळेल त्या गाडीनं गेली. अजून तिचा फोन नाही.

बायको म्हणाली, "लेकीच्या वक्ताला नऊ म्हयने काय बी न सांगता बसलासा?"

"व्हय."

"सांगितलं असतंसा तर काय करायचं ते माझं मी ठरवलं असतं." मग म्हणाली, "पोराला तुमी सांगायचं. मी न्हाई सांगनार."

तिनं मुलाच्या शाळेत जाऊन खुणांची भाषा शिकून घेतली होती. मला फक्त 'जेवलास का' आणि 'कधी येतोस' एवढंच येतं. रविवारी त्याला व्हिडिओ कॉल लावण्याआधी मी तिला विचारलं, 'लपवलं' कसं सांगायचं?

तिनं करून दाखवलं. मी केलं.

"चुकलं," ती म्हणाली. "परत करा."