पायरीवरच्या चपला

आमच्या शिडाच्या होडीत कुणी चप्पल घालून चढत नाही. होडीला आम्ही घरच मानतो. त्यामुळे दर रविवारी धक्क्याच्या पायरीवर चपलांची रांग लागते आणि ती बघून मला उगाच घरी कार्य असल्यासारखं वाटतं. पाहुण्यांना आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवून आणतो आणि ते गावच्या दवाखान्यासाठी पेटीत मनाला येईल ते टाकतात.

परवा सांगलीच्या एक माई आल्या होत्या, सत्तरीच्या. चढताना त्यांनी माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. पण शिडात वारा भरला, इंजिनाशिवाय होडी पळायला लागली, तशा त्या खुदुखुदू हसायला लागल्या. परकं माणूस आपल्या घरात असं हसतं, तेव्हा देणारं कोण आणि घेणारं कोण, मला तरी सांगता येत नाही.

परतलो तर पायरी गायब! भरतीच्या वेळा मला तोंडपाठ, आणि चपला खालच्या पायरीवर ठेवायला मीच सांगितलं होतं. त्या आता तरंगत आम्हाला सामोऱ्या येत होत्या. मी ओशाळले. तेवढ्यात माईंनी पातळ वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उतरून सगळ्यांच्या चपला गोळा केल्या. स्वतःची मात्र एकच मिळाली.

"दुसरी शोधू या ना," मी म्हटलं.

"राहू दे की तिकडंच," समुद्राकडे बघत त्या म्हणाल्या, "परत यायला कायतरी निमित्त नको?"