खंड्याचं पथ्य

लालबागच्या नाक्यावर सुभद्राबाईंची खानावळ विचारली की कोणीही नुसतं बोट वर करून दाखवायचं. खानावळ कसली, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. मागे चूल, पुढे पाट. गिरणीतून सुटलेली कोकणातली माणसं पाळीपाळीने यायची, भात-आमटी आणि माशाची तुकडी पोटात ढकलून उठायची. नवरा गेल्यावर बाईने याच चुलीवर संसार ओढला आणि एकुलता एक रघु वाढवला. तिचा हात सैल आणि तोंड त्याहून सैल. कोणी अर्धवट जेवून उठू लागला की मिशीवाला असो नाहीतर मुकादम असो, ती कडाडायची, "पान टाकून खंय चललंस? तुझ्या आवशीन ह्याच शिकवल्यान काय?" मग तो गुमान पुन्हा खाली बसायचा.

रघु गिरणीत लागला त्या वर्षी शीव कोळीवाड्यातून एक पिल्लू घेऊन आला, सदऱ्याच्या आत घालून. "हय माणसांक पाय पसरूक जागा नाय, आणि ह्या कुत्र्याक खंय ठेवतलंस?" असा बाईने आवाज चढवला खरा, पण बोलता बोलता तिचे हात दुधात भाकरी कुस्करायला लागले होते. पिल्लाचं नाव खंड्या. रघु जेवायला बसला की तो त्याच्या मांडीला टेकून बसायचा आणि दोघांचं जेवण एकाच वेळी संपायचं.

छप्पन्न सालचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हटल्यावर गिरणगाव काय हातावर हात ठेवून बसणार होतं? पोरं रस्त्यावर उतरली. रघुही सकाळीच निघाला. बाई म्हणाली, "दोन घास खावन जा." तो चपला घालता घालता म्हणाला, "येवन जेवतंय गे." तो आला नाही. परळच्या बाजूला पोलिसांनी गोळीबार केला आणि रघु तिथेच पडला. दगडू साचेवाला त्याच्या बाजूलाच होता. हा दगडू गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करणारा, खानावळीतला जुना जेवणारा, बाईला काकी म्हणणारा. त्यानेच जिना चढून बातमी आणली आणि दारात मटकन खाली बसला.

दहाव्याला सगळे बाणगंगेला गेले. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. झाडावर कावळे ढिगाने होते, एक खाली उतरेल तर शपथ. मग नेहमीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन शब्द द्यायला लागला. दगडू म्हणाला, "रघु, तुझ्या आवशीक आम्ही बघू." कावळे हलले नाहीत. नणंद अंबिका म्हणाली, "संयुक्त महाराष्ट्र होतलो रे बाबा, तू काळजी करू नको." तरी नाहीत. ऊन चढलं, भटजी घामाने निथळायला लागले. शेवटी सुभद्राबाई उठली आणि हात जोडून म्हणाली, "रघु, तुझ्या खंड्याक मी कधी उपाशी ठेवचंय नाय. माझ्या तोंडचो घास काढून देयन." तिचं बोलणं संपतं न संपतं तोच एक कावळा सपकन खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पोराचा जीव कशात अडकला होता ते आईला बरोबर कळलं, असं जो तो म्हणाला.

आता शब्द दिला होता बाईने, पण पाळायला अख्खी खानावळ पुढे सरसावली! जेवायला बसणारा प्रत्येक जण पहिला घास बाजूला काढायचा, रघुच्या नावाने. कोणी भाताचा गोळा, कोणी बांगड्याचं डोकं. दगडू तर अर्धी तुकडी काटे काढून हातावर धरायचा. सकाळच्या पाळीचे वेगळे, दुपारच्या पाळीचे वेगळे, वर शेजारणींचं उरलंसुरलं. आणि बाई? ती शब्दाची पक्की. तोंडचा घास म्हणजे तोंडचा घास. रात्री सगळं आवरल्यावर तिच्या वाटणीची भाकरी खंड्यापुढे जायची, आणि ती दोन घोट पेज पिऊन आडवी व्हायची. कुत्रा फुगत गेला आणि बाईची चोळी दंडावर लोंबायला लागली. कुत्र्याकडे बघून सगळे म्हणायचे, कसा बाळसेदार झालाय बघा. बाईकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

पुढे पुढे खंड्याला जिना चढवेना. दोन पायऱ्या चढायचा आणि बसायचा. दगडू त्याला गोणपाटात घालून वर आणायचा आणि वर आला म्हणून पुन्हा तुकडी द्यायचा. गणपती विसर्जन झालं आणि दोनच दिवसांत खंड्या जिन्याच्या मधल्या वळणावर कोसळला. जीभ बाहेर, डोळे वर, पोट भात्यासारखं वरखाली. "माझो रघु गेलो, आता ह्योव जाता," म्हणून बाईने जो टाहो फोडला त्याने तिन्ही मजले गोळा झाले. दगडूने खालून हातगाडी ओढून आणली, कुत्र्याला तिच्यावर घातलं आणि दोघांनी परळचं जनावरांचं इस्पितळ गाठलं.

तिथले डॉक्टर हेमचंद्र तळपदे गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले. पांढरी पॅंट, बोलणं हळू. त्यांनी बराच वेळ कुत्र्याच्या छातीला नळी लावली, बरगडी सापडते का म्हणून बोटं दाबून पाहिली, मग विचारलं, "बाई, याला काय घालता?"

"सगळां," बाई म्हणाली.

"म्हणजे?"

"जां माणसां खातत तां सगळां."

डॉक्टरांनी मान हलवली. "याला दुसरा रोग नाही. हा खाऊन खाऊन मरायला टेकलाय. हृदय दमलंय याचं. असंच चालू राहिलं तर दिवाळी बघणार नाही. दूधभात बंद, मासळी बंद, जेवणाऱ्यांच्या हातचा घास तर बंदच बंद. उकडलेला दुधी, मूठभर भात, अर्धी भाकरी. आणि दोन्ही वेळा चालवायचा, आधी थोडा, मग जास्त."

तेव्हा बाईने बाणगंगेवरचं सगळं सांगितलं. कावळा, पिंड, शब्द. तिला वाटलं शिकलेला माणूस आहे, हसेल. डॉक्टर हसले नाहीत. "आमच्या घरीही कावळ्याची वाट बघतात, बाई," ते म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळी आम्हीही तासभर उभे होतो. शब्द मोडा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण शब्द पाळाल तर कुत्रा जाईल. मला एवढंच समजतं, ते मी सांगितलं."

घरी आल्यावर बाई चुलीपुढे बसून राहिली. कुत्रा जगवायचा तर मेलेल्या पोराला दिलेला शब्द मोडायचा, आणि शब्द राखायचा तर पोराची शेवटची आठवण आपल्याच हाताने मारायची. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. शेवटी ती मोठ्याने बोलली, चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत, "रघ्या, मी शब्द मोडतंय. राग इलो तर माझ्यार काढ, ह्या मुक्या जनावरार नको." आणि तिने भाकरी मधोमध मोडली.

दुसऱ्या दिवशी पहिली पंगत बसायच्या आधी तिने पळी आपटून जाहीर केलं, "आजपासून खंड्याक जो घास घालीत, त्याचा जेवण हय बंद. मगे तो माझो सख्खो भाव असूंदे." माणसांनी कुरकुर केली. बाईने लेकाला दिलेला शब्द मोडला, माणूस गेला की माया आटते, असंही कोणी जिन्यात बोललं. ते तिच्या कानावर आलंच. चाळीत भिंती असतात त्या नावालाच. त्या दिवशी आमटी खारट झाली.

आणि खंड्याचं बघवत नव्हतं हो. तो पाटांच्या रांगेपुढे बसायचा, एकेकाच्या तोंडाकडे बघायचा आणि बारीक आवाजात कुंईकुंई करायचा. दुधीला तोंड लावायचा नाही. बाईच्या पदराला नाक घासायचा. सगळा जन्म दुसऱ्यांना खा खा म्हणण्यात गेलेली बाई ती, तिला हे सोसणं म्हणजे विस्तव हातात धरणं. ती पाठ फिरवून भाकऱ्या थापायची आणि तिच्या स्वतःच्या घशाखाली काही उतरायचं नाही. तिची भाकरी आता चाळीखालच्या भिकारणीकडे जायची.

एकदा तिने दगडूला पकडलंच. पाटाखालून हात घालून खंड्याला बांगडा देत होता. बाई आली आणि तिने त्याच्यापुढची थाळी उचलली. जेवत्या माणसापुढची थाळी तिने उभ्या आयुष्यात कधी उचलली नव्हती.

दगडू मान खाली घालून म्हणाला, "काकी, त्याका बघलंय की माका रघु दिसता. हात ऱ्हवना नाय."

"आणि माका काय धोंडो दिसता?" बाई किंचाळली. "तुमका सगळ्यांका घास घालून मोकळां होवक व्हया. मरतलो तो! मगे कोणाक घालशात?"

दगडू हमसाहमशी रडायला लागला. तिचाही बांध फुटला. एवढा दांडगा साचेवाला आणि ती काडीसारखी बाई, दोघं पंगतीच्या मधोमध रडत उभी राहिली आणि बाकीचे हात वाळवत बसले. त्यानंतर मात्र खंड्याला कोणी शितही टाकलं नाही.

फिरवणं हे दुसरं दिव्य. लुगड्याचा कासोटा घट्ट करून, हातात सुंभाची दोरी घेऊन बाई भोईवाड्यावरून नायगावपर्यंत निघायची. नाक्यावरची पोरं म्हणायची, "काकी, मडमीण झालंस काय गो?" "होय, आणि तुझो बापूस माझो सायेब," असं ठणकावून ती पुढे जायची. सुरुवातीला खंड्या चार पावलांवर बसकण मारायचा. मग गल्लीच्या तोंडापर्यंत यायला लागला, मग नायगावच्या पोलीस लाइनीपर्यंत. त्या लाइनीवरून जाताना, यातल्याच कोणी गोळी झाडली असेल, असं बाईच्या मनात यायचं. एकदा तिथल्या एका हवालदाराची बायको पाणी भरताना म्हणाली, "गोड कुत्रा आहे हो. कोणाचा?" बाईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. तिच्या कडेवर तान्हं होतं. "माझ्या लेकाचा," बाई म्हणाली आणि चालू लागली. मागे वळून काही बोलावं असं तिला वाटलं होतं, पण तान्ह्यापुढे शिव्या तोंडात येईनात.

दिवाळी आली आणि गेली, खंड्या होता. त्याच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या. डॉक्टरांनी पाठीवर थोपटलं, कुत्र्याच्या, आणि म्हणाले, "बाई, फार मोठं काम केलंत." पण बाईच्या मनातला काटा काही निघाला नव्हता. पोराला दिलेला शब्द आपण मोडला, वरती तो रागावून बसला असेल, हे तिला रात्रंदिवस टोचत होतं.

जानेवारीत रघुचं वर्षश्राद्ध आलं. वडे, खीर, काळ्या वाटाण्यांचं सांबारं. सगळी खानावळ जेवायला बसायची होती. गाईचं पान झालं, कावळ्याचं झालं, कुत्र्याचं पान अंबिकेने वाढलं आणि मुद्दाम खिरीत वडा बुडवून वर ठेवला. "वयनी, आज तरी त्याका पोटभर घाल. वर्साचो दिवस. रघुचो आत्मो वरसून बघता." सगळ्यांच्या नजरा बाईवर. दाराशी खंड्या शेपूट हलवत बसला होता, तोंडातून लाळ गळत होती. आजच्या दिवशी घातलं तर काय बिघडेल, असं बाईच्याही मनात आलंच. हात पुढे गेला. मग तिने पान उचललं आणि जिना उतरायला लागली.

खंड्या मागोमाग उतरला. मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर एक खंगलेली कुत्री पिल्लांना घेऊन पडली होती. बाईने पान तिच्यापुढे ठेवलं. खंड्याने झेप घेतली तशी बाई फुटपाथवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी त्याला कवेत घेतलं. तो धडपडत होता, कण्हत होता, आणि ती त्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणत होती, "तू नाय रे, तू नाय. तू माका जितो व्हयो. शब्द गेलो खड्ड्यात. रघु रागावलो तर रागावांदे. तू माका जितो व्हयो." येणारेजाणारे थांबून बघत होते. पान चाटूनपुसून साफ झालं तेव्हाच तिने त्याला सोडलं.

परत येताना खंड्या तिच्या पुढे जिना चढला, धाप न लागता, आणि वरच्या पायरीवर तिची वाट बघत उभा राहिला. आत सगळे पानांपुढे बसले होते, कोणी हात लावला नव्हता. "बघतास काय? जेवा," बाई म्हणाली आणि सवयीने पळीकडे वळली. पण पळी दगडूच्या हातात होती. तो तिच्याकडे बघत होता, तिच्या बाहेर आलेल्या गळ्याच्या हाडांकडे, सैल झालेल्या चोळीकडे. जणू आज पहिल्यांदाच बघत होता.

"काकी," तो म्हणाला, "तू जेवलंस?"

इतकी वर्षं त्या खोलीत हे शेकडो वेळा बोललं गेलं होतं, पण दर वेळी बाईच्याच तोंडून. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने एक पाट ओढला आणि भिंतीला टेकून बसली. खंड्या येऊन तिच्या मांडीला टेकला.

"वाढ," ती म्हणाली. "आणि हात आखडू नको, मेल्या. माका भूक लागली हा."