खाडीच्या मोरसेचं गोत

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जिते गावापलीकडच्या खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, बांधावर उभी होते आणि माझ्या पिशवीत तिच्यासाठीच खुडलेली मोरस होती... आम्ही दोघी रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. मोरस म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी जाड पानांची भाजी. मिठागरावरची माणसं ती आवडीनं खातात. तिच्या पानांतल्या हरितकणांना स्वतःचा वेगळा, वर्तुळाकार डीएनए असतो. तो सलग वाचला, तर आपल्या खाडीची मोरस दुसऱ्या किनाऱ्यांवरच्या मोरसेची सख्खी की चुलत, हे कळेल. या एका प्रश्नानं वसुधाला झपाटलं होतं. त्यात आजार निघाला. डॉक्टर काही नीट सांगेनात, आणि ही बाई आजारापेक्षा निकाल हाती येण्याआधीच जाण्याची धास्ती घेऊन बसली.

पहिली पानं तिनं पेणच्या घरी फ्रीजमध्ये ठेवली होती. सकाळी बघते तर तिच्या सासूबाईंनी ती उकडून, पिळून, कांद्यावर परतलेली! "मीठ तेवढं नाय घातलं," त्या वर म्हणाल्या, "मोरसेला मीठ कोन घालतो गो?" वसुधा हसत सुटली आणि तिनं तो नमुना भाकरीबरोबर खाल्ला. मला मात्र हसू येईना. मधल्या उधाणात बांध फुटून, खांड पडून नेहमीची जागा गाळाखाली गेली होती आणि वसुधाला आता जिनाही उतरवत नव्हता. मग मीच सुट्टी मिळेल तेव्हा खाजण धुंडाळू लागले. संध्याकाळी तिचा फोन, एकच प्रश्न, "दिसली का?"... त्या फोनचीच मला भीती वाटू लागली. आणि दिसली तेव्हा विचारायला ती उरली नव्हती.

अंत्यविधीहून येऊन मी पानं सुकवली, प्रयोगशाळेत धाडली. मोरसेच्या पानात क्षार फार, डीएनए हाती लागेलच असं नाही. हेही फुकट गेलं तर तिचं काय राहणार, या विचारानं माझी झोप उडाली.

परवा निकाल आला. हरितकणाच्या डीएनएचं वर्तुळ कुठेही न तुटता जुळलं होतं. आपली मोरस चुलत निघाली. मी तडक पेण गाठलं. वसुधा कुठलाच निकाल स्वतः वाचत नसे; परीक्षेचा असो की रक्ताचा, दुसऱ्यानं वाचायचा आणि हिनं पाठ फिरवून, खिडकीचे गज धरून ऐकायचा. तिच्या खोलीत त्या खिडकीकडे तोंड करून मी पुटपुटत वाचायला घेतलं.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाच गो. तिला आयकू येत नसंल."